वरच्या ओठाची नोंद

सरकारी दप्तराचं म्हणणं खरं मानायचं, तर आमच्या बाई म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीचे, सावळ्या वर्णाचे, मिशी राखलेले एक गृहस्थ होते. मी सहा वर्षं त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. रोज सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्यापासून चार हातांवर उभा असायचो. तरी ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. माझं निरीक्षण कच्चं आहे असं बाई म्हणायच्याच.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. लोणावळ्यात तेव्हा डॉक्टर तीन. एक बोलायला गोड होते, दुसऱ्यांच्या हाताला गुण होता, आणि तिसऱ्या आमच्या बाई. पहिल्या दोघांकडे जाऊन बरं वाटलं नाही की माणूस बाईंकडे यायचा, आणि आल्या आल्या 'आधी तिकडे कशाला गेला होता' म्हणून बोलणी खायचा. तेवढी खाऊन झाली की औषध मिळायचं. लोक बरे व्हायचे. बोलण्याने व्हायचे की औषधाने, याचा मी कधी तपास केला नाही. औषध मीच बनवत असल्यामुळे तो तपास मला परवडणारा नव्हता.

पेशंट दुखण्याची कथा सांगू लागला की बाई मधूनमधून फक्त "पुढे?" म्हणायच्या. कथा संपली की पेन खाली ठेवायच्या. "झालं? आता जे गाळलंत ते सांगा." आणि दर वेळी काहीतरी गाळलेलं असायचंच. मुंबईहून बंगल्यांवर हवा खायला येणाऱ्या मंडळींवर त्यांचा विशेष लोभ होता. त्यातल्या एका शेठजींना त्यांनी चांगलं अर्धा तास तपासलं आणि कागदावर लिहून दिलं: 'हवा. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.' वर बजावलं, "बाटली आणायची गरज नाही." शेठजींनी मुकाट्याने फी दिली, आणि पुढच्या वर्षी आणखी दोघांना बरोबर घेऊन आले.

अंगात पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट, आणि उन्हात निघायचं झालं की अंबाड्यावर सोला हॅट. गावात नवं आलेलं माणूस वळून बघायचं. बाई गाडी थांबवून त्याला विचारायच्या, "मान अवघडलीय का? उद्या सकाळी या." लग्न त्यांनी केलं नव्हतं. वडगावच्या मामलेदारीणबाईंनी एकदा नाडी दाखवता दाखवता त्याचं कारण विचारलं. "ठरलं होतं हो," बाई म्हणाल्या, "पण त्या दिवशी नेमका हर्नियाचा पेशंट आला." मामलेदारीणबाईंनी हे खरं मानलं आणि तालुकाभर सांगितलं.

गाडी हिरवी होती, कापडी टपाची, दारं चार आणि त्यातली उघडणारी तीन. आख्ख्या मावळात स्वतः मोटार चालवणारी बाई ही एवढी एकच. गाडीला मागे जायचाही गिअर असतो, हे मला फार पुढे मेकॅनिककडून कळलं. बाईंनी तो कधी वापरला नाही. दवाखान्यापुढे गाडी उलट्या तोंडाने उभी राहिली, तर त्या सरळ खंडाळ्यापर्यंत जायच्या आणि तिथल्या एका बंगल्याच्या गोल आवारातून वळसा घालून परत यायच्या. बंगल्याच्या माळ्याने पहिल्यांदा हरकत घेतली. मग बाईंनी त्याचं गळू फोडलं. तेव्हापासून फाटक उघडंच असायचं.

पण हीच गाडी कार्ल्यापासून आंबीपर्यंत, जिथे जिथे चाकाची वाट होती तिथे जायची. गोड आणि गुणी दोघेही डॉक्टर लोणावळ्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. खेड्यात बाळंतीण अडली की निरोप बाईंना यायचा, आणि निरोप आणणाऱ्याचा दम परतायच्या आत आम्ही गाडीत असायचो.

त्या माघात असाच आंबीहून निरोप आला. बाळंतपण नीट पार पडलं. फक्त टाके घालायचा दोरा मी लोणावळ्यालाच विसरलो होतो, त्यामुळे बाईंना गावातल्या शिंप्याकडचा रेशमी दोरा उकळून वापरावा लागला. परत निघाल्यावर त्याविषयी बोलणं चालू होतं. बोलणं म्हणजे त्या बोलत होत्या. बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायची बाईंना सवय, आणि मी बसलो होतो मागच्या सीटवर.

गावाबाहेर एक म्हैस रस्त्यात आडवी आली. बाईंची मान पुढे वळली तेव्हा म्हशीत आणि आमच्यात दोन हातांचं अंतर उरलं होतं. त्यांनी चाक फिरवलं. म्हैस वाचली, आणि गाडी कडेच्या दगडी बांधावर जाऊन आदळली. बांधावर गावातलेच एक आबा तंबाखू मळत बसले होते. साठीच्या घरातले, अंगाने काटक, घरी दोन मुलगे आणि नांगराच्या दोन जोड्या असलेले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. दगडांबरोबर तेही खाली आले, आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला.

बाई उतरल्या त्या थेट आबांपाशी गेल्या. "पाय हलवू नका."

"कसा हलवू? त्यो आता माझं कुटं ऐकतोय!" आबा कण्हत म्हणाले. मग गाडीच्या चेपलेल्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाई, आदी मोडायचं, मंग जोडायचं. धंदा बरा हाय तुमचा."

"बोलायचं तेवढं बोला. फक्त पाय हलवू नका."

फळ्या बांधून आबांना बैलगाडीतून तळेगावला नेलं आणि बाईंनी स्वतः प्लास्टर घातलं. मागोमाग आमची मोटारही बैलांनीच ओढून आणली, आणि तिथून ती पुण्याच्या कारखान्यात दुरुस्तीला गेली.

गाडीचा विमा होता. दुरुस्ती आणि आबांची भरपाई, दोन्ही विमा कंपनीकडून यायची होती. तोवर आबांना स्वतः काही द्यावं म्हणून बाई त्यांच्या घरी गेल्या, तर आबांनी हात जोडले. "तुमच्या हातचं औशद घीन, पैका न्हाई. कंपनीचा आसला तर द्या. कंपनी काय माज्या वळखीची न्हाई."

कंपनीचा छापील फॉर्म आला. त्यात अपघाताचं कारण विचारलं होतं. बाईंनी लिहिलं, 'म्हैस आडवी आली.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी त्याची स्वच्छ प्रत काढली आणि टपालात टाकली. दोरा विसरलेल्या माणसाने याहून जास्त काही बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

महिनाभराने उत्तर आलं. बाईंनी पहिलं लायसन मुंबईत काढलं होतं आणि लोणावळ्याला आल्यावर ते पुण्याच्या दप्तरात बदलून घेतलं होतं. कंपनीने दोन्हीकडे चौकशी केली होती. मुंबईच्या नोंदीप्रमाणे लायसन एका स्त्रीचं होतं, आणि त्याची मुदत केव्हाच संपली होती. पुण्याच्या नोंदीप्रमाणे ते चालू होतं, पण त्याच आद्याक्षरांच्या आणि त्याच आडनावाच्या एका मिशीवाल्या पुरुषाचं होतं. तेव्हा अपघाताच्या वेळी या दोघांपैकी गाडी कोण चालवत होतं ते कळवावं. स्त्री चालवत असल्यास तिच्यापाशी लायसन नव्हतं, सबब कंपनीवर जबाबदारी नाही.

बाईंनी टेबलाच्या खणातून लायसनची पुस्तिका काढली. तिच्यात नाव होतं आणि नंबर होता. माणसाचं वर्णन कचेरीच्या रजिस्टरात असतं, हातात देत नाहीत. हातात दिलं तर माणूस ते वाचेल, ही भीती.

"लिहा," बाई मला म्हणाल्या. मी लिहिलं. 'आपण कळवलेल्या गृहस्थांचा पत्ता मिळाल्यास आभारी होईन. त्यांच्या गाडीचं पेट्रोल, टायर आणि विम्याचा हप्ता मी गेली पाच वर्षं भरत आहे. एकदा येऊन तेवढं तरी त्यांनी मान्य करावं.'

कंपनीने गंभीरपणे उत्तर दिलं की सदर गृहस्थ आपले पती असल्यास तसा दाखला जोडावा.

"बघा," बाई म्हणाल्या, "दप्तराने लग्न लावून दिलं, पण बोलावणं काही केलं नाही."

मग आम्ही रेल्वेने पुण्याला त्या लायसनच्या कचेरीत गेलो. तिथल्या हेडक्लार्कनी आमचं म्हणणं ऐकलं, रजिस्टर काढलं आणि आमच्याकडे वळवलं. "हे बघा. पुरुष. मिशी. स्वच्छ लिहिलंय."

"आणि मी तुमच्यासमोर बसलेय," बाई म्हणाल्या. "मला मिशी दिसते का?"

हेडक्लार्कनी बाईंकडे न बघता पुन्हा रजिस्टरात बघितलं. "नोंदीच्या वेळी असेल."

"मग तसा दाखला द्या. मी पुरुष आहे म्हणून शिक्का मारून द्या. क्लबात बायकांना घेत नाहीत, तिथे दाखवीन."

"दाखल्याला अर्ज लागतो."

"आणि नोंद दुरुस्त करायला?"

"त्यालाही लागतो."

"कोणी करायचा?"

"ज्याच्या नावाचं लायसन आहे त्याने. समक्ष हजर राहून."

म्हणजे मिशी काढून टाकायची तर आधी मिशीवाल्याने येऊन विनंती करायला हवी होती. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला झोप नीट लागते का?" हेडक्लार्क म्हणाले, "लागते." "वाटलंच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. हसणं पावसाळ्यात थांबलं. गाडी पुण्याच्या कारखान्यात ताडपत्रीखाली, आणि बाई खेड्यांवर जायच्या त्या मिळेल त्या टांग्याने, बैलगाडीने, नाहीतर हॅट आणि बूट चिखलात घालून पायी. श्रावणात नाणे मावळातल्या एका वस्तीवरून निरोप आला. गाडीने असतो तर तासा-दीड तासात पोचलो असतो. आम्हाला पाच तास लागले. बाळंतीण वाचली. मूल गेलं.

परतताना बैलगाडीत बाई मला एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. तोवर मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात विम्याचा एजंट पुण्याहून आला. अत्तर लावलेला, हसतमुख, दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस. त्याने दार लोटून घेतलं. "बाईसाहेब, उगाच लांबवताय. कंपनीला फक्त रजिस्टरातला माणूस हवाय. तो तर इथेच उभा आहे." त्याने माझ्याकडे बोट केलं. मला तेव्हा मिशी होती. मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. "नावाचं मी जुळवून घेतो. यांनी एवढंच लिहून द्यायचं की गाडी मी चालवत होतो. पंधरा दिवसांत गाडी दारात. त्या म्हाताऱ्याचीही सोय होईल."

खरं सांगतो, मी तयार होतो. श्रावणातली ती वस्ती माझ्याही डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हणालोसुद्धा, "बाई, माझी हरकत नाही."

"तुम्हाला ब्रेक कुठे असतो ते माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग निदान म्हशीला तरी विचारून या." त्या थांबल्या. पुढचं बोलल्या तेव्हा आवाजात नेहमीची धार नव्हती. "अहो, मी चालवत नव्हते असं एकदा सही करून दिलं, की मग मी कधी चालवतच नव्हते. हे रजिस्टरातले बुवा माझी गाडी घेऊन जातील, आणि दवाखानाही." मग एजंटकडे वळून म्हणाल्या, "पण यात आबांचं नुकसान आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तळेगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे टांग्याने आंबी गाठली. आबा ओसरीवर काठी टेकून बसले होते. पाय जुळला होता, पण थोडा आखूड राहिला होता. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. खोटं लिहून दिलं तर भरपाई पंधरा दिवसांत, खरं धरून बसलं तर कधी, ते सांगता येत नाही, कदाचित नाहीच.

आबांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "ह्यांनी मला पाडलं म्हून सांगायचं?"

"हो."

"न्हाई बा," आबा म्हणाले. "बाई मोटार हाकती आन् तिनं मला उडिवला, ह्ये ऐकाया इंदुरीपासनं मान्सं येत्यात. पावन्या-रावळ्यांत माजा मान हाय. ह्या असल्यानं पाडलं म्हनलं तर कोन येनार?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आन् म्या हितं खोटं बोललो, तर तकडं पोरांनी काय करायचं? ऱ्हाऊ द्या. शेत पोरं बगत्यात. मला घाई न्हाई."

मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते सांगता येणार नाही. 'असल्यानं' हा शब्द मात्र मनात राहिला.

एजंट रिकाम्या हाताने गेला. बाईंनी मुंबईच्या कचेरीला पत्र लिहून त्यांच्या नोंदीची संपूर्ण नक्कल मागवली. ती यायला दसरा उजाडला. नक्कल बाईंनी वाचली आणि माझ्यापुढे धरली. "ओळखीची खूण: वरच्या ओठावर तीळ."

"अहो, मला तीळ आहे का?"

"आहे, बाई. उजवीकडे."

"दिसतो?"

"चांगला ठळक दिसतो."

त्या आरशात बघायला उठल्या नाहीत. नक्कल पुन्हा वाचत म्हणाल्या, "वरचा ओठ तिकडेही आहे आणि इकडेही. चला, पुण्याला चला."

या वेळी कचेरीत नवे साहेब आले होते. वयाने तरुण, आणि अजून समोरच्या माणसाकडे बघण्याची खोड न गेलेले. त्यांनी मुंबईची नक्कल वाचली, बाईंकडे पाहिलं, आणि हेडक्लार्कना सांगितलं, "रजिस्टर नको. पाच वर्षांपूर्वीचा मूळ अर्ज काढा."

अर्ज गठ्ठ्यातून काढून, धूळ झटकून टेबलावर आला. अर्ज इंग्रजीत होता, बाईंनी स्वतःच्या हाताने भरलेला. मी नोकरीला लागायच्या आधीचा. नाहीतर प्रत मी केली असती. त्या फॉर्मात स्त्री की पुरुष असं विचारणारा रकानाच नव्हता. छापणाऱ्याला त्याची गरज वाटली नसावी. फक्त ओळखीच्या खुणेपुढे दोन-तीन शब्द होते.

"बघा, मेल," हेडक्लार्क विजयाने म्हणाले. "मेल, अपर लिप. मेल म्हणजे पुरुष. आणि पुरुषाच्या वरच्या ओठावर सांगण्यासारखं काय असणार? तेव्हाच्या कारकुनाने विचार करून मिशी लिहिली."

मी वाकून पाहिलं. इथे एक सांगायला हवं. बाईंचं अक्षर जिल्ह्यात दोघांनाच वाचता यायचं: बाईंना आणि मला. त्यातही बाईंना कधी कधी मला विचारावं लागायचं.

"मेल नाही," मी म्हणालो. "मोल आहे. मोल म्हणजे तीळ. बाईंचा 'ओ' वरून उघडा राहतो आणि त्याला शेवटी शेपूट येतं."

"म्हणजे तो 'ए' झाला," हेडक्लार्क म्हणाले.

साहेबांनी कोरा कागद बाईंपुढे सरकवला. "एखादं औषध लिहा." बाईंनी लिहिलं. साहेबांनी कागद हेडक्लार्कना दिला. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "घोड्याविषयी काहीतरी असावं." मग कागद माझ्याकडे आला. मी वाचलं, "सोडा बायकार्ब दहा ग्रेन, जेवणानंतर, पाण्यातून." साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

साहेब जरा हसले आणि रजिस्टर उघडून त्यांनी स्वतःच्या हाताने मिशी खोडली.

लढाई आम्ही जिंकली होती. मला वाटलं, आता परतीच्या रेल्वेत बाई त्या हेडक्लार्कचं पोस्टमार्टेम करतील आणि लोणावळा येईपर्यंत माझी करमणूक होईल. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. कामशेतला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "अक्षर माझंच होतं की हो."

गाडी पुन्हा सुटली.

"सहा-सात महिने मी त्या माणसाला झोपेचं विचारत होते," त्या म्हणाल्या. "एक 'ओ' नीट बंद केला असता तर श्रावणात गाडी दारात असती."

कंपनीने दिवाळीनंतर सगळी रक्कम चुकती केली. सोबतच्या पत्रात दिलगिरी नव्हती. पुढच्या सालापासून हप्ता वाढवत असल्याचं मात्र कळवलं होतं, कारण चालक स्त्री असल्याचं आता सिद्ध झालं होतं. बाईंनी पत्राच्या पाठीवर मला मिक्श्चरचं प्रमाण लिहून दिलं आणि तो कागद त्याच कामी लागला.

गाडी आली त्याच आठवड्यात बाई आबांची भरपाई द्यायला आंबीला निघाल्या. आबांनी पाकीट न मोजता कोपरीच्या खिशात घातलं आणि गाडीकडे बघत राहिले. त्या दिवशी तळेगावचा बाजार होता. "बसायचंय?" बाईंनी विचारलं. आबा फेटा बांधून आले आणि काठी पायांमध्ये धरून पुढच्या सीटवर बसले. गावातून जाताना त्यांनी कुणाकडेही वळून पाहिलं नाही. आपल्याकडे सगळे बघताहेत एवढी त्यांना खात्री होती.

गावाबाहेर तो बांध आला. आबांच्या मुलांनी तो पुन्हा रचून घेतला होता. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, काही बिघडलं. त्या आबांकडे वळल्या.

"आबा, मी कागदावर म्हैस लिहिली. चूक म्हशीची नव्हती. मी मागे बघून बोलत होते. माझं रस्त्याकडे लक्ष नव्हतं."

जवळपास वर्षभर पत्रं गेली होती, आली होती, रजिस्टरं उघडली होती, माणसं पुण्याहून येऊन गेली होती. गाडी कोण चालवत होतं, हे प्रत्येकाने विचारलं. कशी चालवत होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी सांगितलं नसतं तर पुढेही कुणी विचारणार नव्हतं.

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "म्या बांदावरच बसलो व्हतो न्हवं? समदं दिसत व्हतं. तुमची टोपी मागं वळल्याली. म्या म्हनलं, आता बाई म्होरं बगत्याल, मंग बगत्याल."

"मग तेव्हा का बोलला नाहीत? नंतर कधी का बोलला नाहीत?"

"तेव्हा तुमी पाय बांदत व्हता," आबा म्हणाले. "आन् मंग त्यो जुळला की."

माझा हात दाराकडे गेला, कारण गाडीला हँडल मारायचं काम माझं. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. त्या स्वतः उतरल्या, हॅट काढून सीटवर ठेवली आणि गाडीच्या पुढे जाऊन वाकल्या. हँडल जड होतं. पहिल्या दोन वेळा नुसतंच फिरलं. आबा पुढे, मी मागे, आम्ही दोघे बसून राहिलो. तिसऱ्या वेळी गाडी चालू झाली.